मृदंगावरची कणीक

चिमूर, मंगळवार, मार्गशीर्ष १९५६

आज ठाण्यावर भांडायलाच गेलो होतो. शनिवारी दंडारीच्या नाच-गाण्याच्या खेळात एका टारगटाने कमलचं नाव घेऊन शीळ घातली. मी वाजवणं सोडून त्याच्या कानाखाली ओढली, आणि जमादाराने, म्हणजे कमलच्याच बापाने, माझा मृदंग जप्त केला. डाव्या पुडीवर नाद घुमावा म्हणून लावलेली ओली कणीक तशीच राहिली. वाजवून झालं की ती खरवडावी लागते, नाही तर सुकून कातडं तडकतं. तीन दिवस जेवण गोड लागलं नाही. कमलपेक्षा कणकेचाच विचार जास्त केला का? छे.

तर मृदंग टेबलाखाली, पुडी स्वच्छ पुसलेली. पाठ केलेलं भाषण विसरलोच.

जमादार म्हणाले, "त्याच राती खरवडली. वर्दीच्या आंधी मीबी दंडारीत वाजवत होतो, गड्या."

"मग नेऊ का?"

"ने. मारामारी कागदावर लिवली हाये. पोरीचं नाव नाई लिवलं." मग वर न बघता म्हणाले, "तुई थाप लय घाईची हाये. कॉलेजबी असंच सोडलं का? ऐकनारी कुठी पळून नाई चालली."

माझे कान तापले. कॉलेज अर्ध्यात टाकून आलोय, हे ठाण्यापर्यंत पोचलंय तर. मृदंग गळ्यात अडकवला आणि निघालो.

आता लिहिताना आठवतंय, त्यांच्या नखांत कणीक होती, आणि ती ओली होती. शनिवारची असती तर केव्हाच सुकली असती. म्हणजे आजही वाजवला त्यांनी. पण ठाण्यात कणीक कुठली? ती घरूनच आली असणार, आणि घरात ते आणि कमल, दोघंच. मग कणीक भिजवून दिली कोणी?