पौषातली बैठक

बुधवार, ३१ डिसेंबर १९८६
उद्यापासून पौष. महिनाभर लग्नं नाहीत, म्हणजे बँड बंद. बळवंत मास्तरांनी सगळ्यांचे लाल कोट धोब्याकडे टाकले. बाकीचे वादक तोंड पाडून बसलेत. मी नाही. इतकी वर्षं लोकांच्या वरातीपुढे क्लॅरोनेट फुंकतोय, स्वतःसाठी एकदाही नाही. ही सुट्टी सत्कारणी लावणार. संकल्प: घाई बंद. चहा घोट घोट. जेवण चावून. आणि खरं संगीत, म्हणजे मांडी घालून, डोळे मिटून, यमनचा संथ आलाप.
सुगंधाला सांगितलं. ती म्हणाली, मग माझं ते गौरीचं गाणं एकदा वाजवा ना, लग्न झाल्यापासून मागतेय. तिच्या गावाला गौर बोळवताना बायका म्हणतात ते. तिची आई गेल्यापासून कुणाकडून ऐकलेलं नाही, म्हणते. वाजवतो म्हटलं. ती गुणगुणते ते कानावर आहे, तीन-चार सुरांचं तर आहे. त्याला काय तयारी लागते?

गुरुवार, १ जानेवारी १९८७. पहाट.
थंडी फर्स्ट क्लास. चहाचा आस्वाद घ्यायला बसलो. दुसऱ्या घोटाला कप रिकामा. लग्नात आम्हाला चहा उभ्यानं मिळतो, मास्तरांची शिट्टी वाजायच्या आत संपवावा लागतो. पण तो मुद्दा नाही. आमचे कप लहान आहेत. सुगंधाला मोठे आणायला सांगितलं.
मांडी घातली. सा लावला. फाटला. क्लॅरोनेटची पत्ती खराब असणार.

शनिवार, ३ जानेवारी
पत्ती बदलली. तेच. सतरंजीखालून गार लागतं म्हणून गादी घेतली. गादीवर श्वास अडकतो. वैतागून पाणी प्यायला उठलो, सहज क्लॅरोनेट तोंडाला लावलं, आणि सूर असा लागला की काय सांगू, झकास! त्याच नादात आलाप घेत गॅलरीतून नळापर्यंत जाऊन आलो. आत येऊन बसलो, पुन्हा वाट लागली.
कारण सापडलं. खोलीतली हवा कोंदट आहे.
शेजारच्या शांताबाई म्हणाल्या, मेल्या, नातू आत्ताच निजलो, भायर जाऊन वाजय. मालवणी माणसाला शास्त्रीय कळायला वेळ लागतो. मीही मालवणीच, पण मी अपवाद.

सोमवार, ५ जानेवारी
नंदू आला. बँडमध्ये साइड ड्रम वाजवतो. त्याला अडचण सांगितली, तर हसायला लागला. म्हणाला, लवू, तू जन्मात बसून वाजवलंयस का रे? आपण चालणारी माणसं. स्वतःच्या लग्नात तरी बसलास का तू?
हा विषय काढायची गरज नव्हती. त्या दिवशी माझ्या बदली आलेला वादक बेसूर होता. म्हणून मी वरातीच्या टॅक्सीतून उतरलो आणि पुढे जाऊन स्वतः वाजवलं. सुगंधा घरापर्यंत मागे एकटी बसून आली. बँडची अब्रू वाचली. तिची काही तक्रार नव्हती. म्हणजे मी विचारलं नाही.

रविवार, ११ जानेवारी
चाळीत शांतता नाही. होडीनं गोराईला गेलो. सुगंधा पण येते म्हणत होती, डबासुद्धा भरला होता तिनं. पण मला एकांत हवा होता. डबा घेऊन गेलो.
वाळूत बसून समुद्राकडे बघितलं. जीवनाचा भरपूर आस्वाद घेतला. मग घड्याळ बघितलं, तर सात मिनिटं झाली होती. समुद्र तसा एकसुरीच असतो. तेवढ्यात गावातून ट्रंपेट ऐकू आला. ख्रिश्चनांचं लग्न. त्यांना पौष नाही! नुसतं लांबून बघायला गेलो. संध्याकाळी नवरीच्या दारात तिसऱ्या ओळीत उभा राहून वाजवत होतो. त्यांनी फार आग्रह केला, असं मला तरी वाटलं. शेवटची होडी पळत गाठली.
सुगंधाला केकचा तुकडा आणला. तिनं विचारलं, कसा होता एकांत? चांगला होता म्हटलं, जरा गर्दी होती.

बुधवार, १४ जानेवारी
संक्रांत. उपाय सापडला. श्रोते समोर असले की माणूस आपोआप शिस्तीत बसतो. चाळीच्या फळ्यावर लिहून आलो: रविवारी २५ तारखेला आमच्या खोलीत शास्त्रीय क्लॅरोनेटवादनाची बैठक. साथीला नंदू, ढोलकी.
सुगंधा म्हणाली, मला एकटीला वाजवून दाखवलंत तरी चाललं असतं. तिला म्हटलं, तुझं गाणं अगदी शेवटी ठेवलंय, भैरवीच्या जागी, मानाचं. तिनं हातावर तीळगूळ ठेवला आणि स्वयंपाकाला गेली. भारावली असणार.

शनिवार, २४ जानेवारी
पाय अजून हलतात. उद्या मांडीवरून शाल घट्ट बांधणार. मोठे कलाकारही शाल घेतात.
सुगंधानं विचारलं, गाण्याची चाल गुणगुणून दाखवू का? नको म्हटलं. ऐनवेळी सुचतं तेच खरं संगीत.

रविवार, २५ जानेवारी
बैठक झाली. खोली भरली होती. शांताबाईसुद्धा नातवाला घेऊन आल्या. सुगंधानं नवी चादर घातली, सर्वांना कॉफी दिली, आणि पहिल्या रांगेत बसली.
आलाप संथ सुरू केला. मग नंदूनं लय वाढवली. (नंदू म्हणतो, मी तुझ्यामागे धावत होतो.) शाल कधी सुटली कळलं नाही. उभा होतो. मग दारात होतो. मग गल्लीत. मागे बघतो तर सगळी बैठक नाचत येतेय, शांताबाई सर्वांत पुढे. यमन कुठे संपला आणि वरातीचं कुठे सुरू झालं, नक्की सांगता येणार नाही. पार गुंफांकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यापर्यंत गेलो. अमाप प्रतिसाद.
परत आलो तर सुगंधा कप विसळत होती. म्हणाली, माझं गाणं राहिलं.

सोमवार, २६ जानेवारी
ती नेहमीसारखीच बोलते. तेच वाईट वाटतं. सबंध दिवस घरात येरझाऱ्या घातल्या. तिनं चहा दिला. एका घोटात प्यायलो.

रविवार, १ फेब्रुवारी
माघ लागला. पहिली सुपारी, आणि वरात आमच्याच गल्लीच्या तोंडावरून. मनात ठरवून टाकलं. वळणावर आलो आणि मास्तरांच्या शिट्टीकडे लक्ष न देता गौरीचं गाणं सुरू केलं. संथ. पहिल्यांदाच पाय थांबले. नंदूचा ड्रम पुढे निघून गेला, नवऱ्याचा मामा आई-बहिणीवरून शिव्या देत होता, मास्तर पाठीत गुद्दे घालत होते. मी दोन ओळी पुऱ्या केल्या. एका सुराची खात्री नव्हती, अंदाजानं घेतला. लांब आमच्या गॅलरीत सुगंधा उभी दिसली. माझे डोळे भरून आले.
घरी आलो. जेवायला वाढता वाढता ती म्हणाली, अहो, आज तुमच्या बँडमध्ये नवीन कोण आलाय? वळणावर मध्येच काहीतरी रडल्यासारखं वाजवत होता.
म्हटलं, आहे एक. नवीन आहे. सुधारेल.