दोन टेबलांच्या मधोमध

२ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लंबू सुखरूप पोचला. खोलीतला पलंग आखूड आहे आणि पाय बाहेर राहतात, एवढीच काय ती बातमी त्याने दोन ओळींत कळवली. इथे ह्यांनी मात्र दुकान डोक्यावर घेतलंय. चष्म्याचा नंबर काढायला आलेल्या माणसाला आधी मुलगा विद्यापीठात गेल्याचं ऐकावं लागतं, मग अक्षरं वाचायला मिळतात. परवा एक आजोबा म्हणाले, मला दिसत नाही, ऐकू व्यवस्थित येतं. एकदा सांगितलंत तेवढं पुरे.

तू तिथे पहिल्या वर्षाच्या मुलांच्या मदत कक्षात आहेस म्हणून माझा जीव भांड्यात पडला. शाळेत पहिला आला असला तरी तिथे सगळं परक्या भाषेत, आणि वर्ग म्हणजे जत्रा. आमचं ध्यान आधीच घुमं. त्याच्यावर लक्ष असू दे. पण मी सांगितलंय हे त्याला कळू देऊ नकोस, नाहीतर म्हणेल आईने पाठीवर हेर सोडलाय.

माझ्यावर माया आहेच, त्यातली थोडी त्याच्या वाट्याला येऊ दे.

तुझी
छोटी


११ ऑगस्ट

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

हेर कामाला लागला आहे, निश्चिंत राहा. आमच्या कक्षात लांब टेबलं आहेत. एकेका टेबलावर एक शिक्षक आणि भोवती गांगरलेली पोरं. तास चालू असताना काय टिपून घ्यायचं, जाडजूड पुस्तक कुठून वाचायला घ्यायचं, नापास झालं तर रडून झाल्यावर पुढे काय करायचं, असं सगळं आम्ही शिकवतो.

लंबूला मी माझ्या टेबलावर घेतलेलं नाही. आपलं माणूस आपल्या टेबलावर बसवायचं नाही हा इथला नियम मीच घातला. मावशीसमोर कोण कबूल करेल की आपल्याला काही कळलं नाही? म्हणून त्याला गणिताच्या सरांच्या हवाली केलंय. माणूस सोन्यासारखा आहे. मी तिकडे फिरकत नाही आणि सरांकडे चौकशीही करत नाही. उगाच त्यांना वाटायचं, माझा त्यांच्यावर विश्वास नाही. भाचा फार हुशार आहे हे मात्र कक्षात सगळ्यांना सांगून ठेवलंय. जरा मावशीचंही नाव होऊ दे की.

दुकानदारांना सांग, गिऱ्हाइकांवर दया करा. तुझ्या पत्राची वाट बघण्याची सवय लावली आहेस, ती मोडू नकोस.

तुझी
ताई


६ सप्टेंबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. दर बुधवारी मावशीकडे शिकायला जातो. ती छान समजावून सांगते, त्यामुळे अभ्यास आता सोपा वाटतो. जेवणही बरं असतं.

स्वेटर खोलीतल्या मित्राला दिला, त्याला थंडी फार वाजते. घड्याळही त्यालाच दिलं. इथे सारखी घंटा होते, त्यामुळे मला लागत नाही. आमच्या वर्गांची इमारत खूप उंच आहे. गच्चीवर वारा असतो आणि कुणी काही विचारत नाही.

माझी बक्षिसाची पुस्तकं शेजारच्या मुलीला देऊन टाक, उगाच धूळ खात पडली आहेत. बाबांना सांग, त्यांनी माझी काळजी करू नये. उत्तराची घाई नाही, तुझी कामं उरकून सावकाश लिही.

बाबांना आणि तुला नमस्कार.

तुझा
लंबू


१३ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लबाड आहेस हं. टेबलावर घेणार नाही म्हणालीस आणि दर बुधवारी त्याला शिकवतेस. नियम घालणारीने असा मोडावा, हे मला फार आवडलं. तुझे उपकार फेडायचे म्हटले तर मला पुन्हा तुझी धाकटी बहीण म्हणून जन्म घ्यावा लागेल, म्हणजे तुलाच त्रास.

पण ताई, त्याच्या पत्राने मनात पाल चुकचुकते आहे. स्वेटर दिला, बरं, कर्णाचा अवतार म्हणून सोडून दिलं. घड्याळही देऊन टाकलं. आता म्हणतो बक्षिसाची पुस्तकं देऊन टाक. त्या पुस्तकांना तो मला फडकंसुद्धा लावू देत नसे. हे म्हणतात, मुलगा मोठा झाला, मोह सुटला. मी हो म्हणते, पण पोळी तव्यावर करपते आणि मला कळत नाही. एवढ्याशा वयात कुणाचा मोह सुटतो का गं?

बुधवारी येतो तेव्हा कसा दिसतो? नीट जेवतो का? मला भीती वाटते आहे. उलट टपाली लिही, आणि काही असेल तर मला बरं वाटावं म्हणून लपवू नकोस.

तुझी
छोटी


१७ सप्टेंबर

छोटी,

मायना राहू दे. लंबू माझ्याकडे येत नाही. एकाही बुधवारी आलेला नाही.

तुझं पत्र वाचलं आणि तशीच सरांच्या टेबलाशी गेले. ते म्हणाले, तो पहिल्या दिवशी तेवढा आला होता. त्यांनी त्याला सगळ्या मुलांदेखत थट्टेने म्हटलं होतं, घरात विहीर असताना आमच्या नळावर रांग कशाला लावतोस? मुलं हसली, तोही हसला आणि उठून गेला. सरांना वाटलं मी त्याला घरी शिकवत असेन, मला वाटलं सर शिकवतायत. एकमेकांची भीड ठेवता ठेवता पोर मधल्यामध्ये राहिलं. आणि माझ्याकडे तो कशाच्या तोंडाने येणार होता? मीच त्याच्या हुशारीचा डांगोरा पिटला होता.

त्याच्या खोलीवर गेले. पुस्तकांच्या गठ्ठ्याची सुतळीही सुटलेली नाही. मित्र म्हणाला, रोज सकाळी दप्तर घेऊन निघतो पण वर्गात नसतो, गच्चीवर बसतो. पहारेकरी म्हणाला, मीच त्याला एकदा कठड्याजवळून खाली आणलं होतं, आणि कुणाला सांगू नका म्हणून त्याने हात जोडले होते. आज सकाळी खोलीची किल्ली मित्राच्या हातात देऊन गेला. घरी जातो म्हणाला, पण पिशवी इथेच आहे.

गच्ची पाहिली, तिथे नाही. पोलीस चौकीत सांगितलं. आता बस स्टँडवर उभी राहून लिहिते आहे. तुमच्या बसचा कंडक्टर चिठ्ठी हातात आणून देईल. लंबू आला तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नकोस. मी शोधते आहे.

ताई


१८ सप्टेंबर

ती. ताईस,
न. वि. वि.

लंबू घरी आहे. जिवंत आहे. आधी एवढं वाचून खाली बस, मग पुढचं वाच.

काल तुझी चिठ्ठी यायच्या आधीच तो दारात उभा होता. चाचणी उत्तम झाली म्हणून सुट्टी मिळाली, असं म्हणाला. ह्यांनी लगेच दुकानात जाऊन गिऱ्हाइकांना सांगूनही टाकलं. मग कंडक्टर आला. मी ओट्यापाशी चिठ्ठी वाचली, गॅस बंद केला आणि त्याच्याजवळ जाऊन बसले. विचारलं, बाळा, गच्चीवर कशाला जात होतास? म्हणाला, आधी तिथून आपल्या गावची बस दिसते म्हणून जात होतो.

ताई, मी विचारलं, आणि नंतर? त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. एवढा उंच मुलगा, पण माझ्या पदरात मावेल असा दिसला.

ह्यांनी आज दुकान उघडलं नाही. ओसरीवर बसून आहेत, कुणाशी बोलत नाहीत. डॉक्टर येऊन गेले, उद्या शहरातल्या मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन जायला सांगितलंय. तू स्वतःला दोष देऊ नकोस असं लिहायला हवं, पण आज मला ते लिहवत नाही. रागावू नकोस. मलाही ते कुणी सांगू नये असंच वाटतं.

आता दुपार आहे. तो झोपला आहे, निदान डोळे मिटलेले आहेत. मी उंबऱ्यात आडवी बसून लिहिते आहे. मला ओलांडल्याशिवाय त्याला बाहेर जाता येणार नाही.

लोभ वगैरे नंतर बघू. तू ये.

छोटी