बटणाचे टायर, मागची खोली आणि बाकीच्या मालमत्तेबाबत

मी, वीजलाइनचे मनोरे तपासणारा, वय सव्वीस, शाळा पाचवीपर्यंत, कॅम्पात 'भिंगरी' म्हणून ओळखला जाणारा, डोकं ठिकाणावर आणि हातपाय शाबूत असताना हे लिहून ठेवतो. नमुन्यात 'कोणाच्याही जबरदस्तीशिवाय' असं लिहा म्हटलंय. पण जबरदस्ती आहे, म्हणून ते लिहीत नाही. स्वतःच्या गाडीने फाटकाबाहेर जाणाऱ्याने आधी मृत्युपत्र करून ऑफिसात द्यायचं, दोन साक्षीदारांच्या सह्यांसकट, असा इथला नियम आहे. वाटेत मेला तर कंपनीच्या डोक्याला ताप नको.

करार संपल्यावर येणाऱ्या एक तारखेला जो कॅम्पात हजर असेल त्याचा करार आपोआप दोन वर्षं पुढे जातो. कंपनीची बस येते पाच तारखेला. या बसची वाट बघत मी दोनदा अडकलो. आज अठ्ठावीस.

१. घर. वडिलांच्या घरातली मागची खोली माझ्या वाट्याची आहे. ती आईने हयातभर वापरावी, मग थोरल्या भावाने घ्यावी. दादा, "दोन वर्षं काढ, मग बघू" असं तू म्हणाला होतास. सहा झाली. तू काय बघितलंस ते कळलं नाही. त्या खोलीत तू पाण्याची टाकी ठेवल्याचं धाकटीने फोनवर सांगितलं. मी मेलो नाही तरी टाकी हलवावी, आईला तिथे ऊन खायला बसायचं असतं.

पोस्टातली शिल्लक आईची. त्यात कोणी नाक खुपसू नये.

२. मोटारसायकल. मनोऱ्यावरून पडलेल्या माझ्या आधीच्या माणसाला अँब्युलन्समधून नेलं, तेव्हा त्याने ती माझ्या हवाली केली. कागद माझ्या नावावर आहेत. ती धाकट्या बहिणीला द्यावी. "बाईमाणसाला असली गाडी कशाला?" असं दादा म्हणेल. म्हणू दे. क्लच सोडायला मला तिनेच शिकवलं. दादा अजून गाडी चढावर बंद पाडतो.

३. टायर. हे धाकटीने दोनदा वाचावं. फाटकापर्यंत शंभर किलोमीटर खडी आणि चिखल, पुढे घरापर्यंत सहाशे किलोमीटर डांबर. एकाच टायरने दोन्ही काढायचं आहे. गेल्या वर्षी वडील आजारी पडल्याचा निरोप आला तेव्हा मी कॅम्पात येणाऱ्या टँकरवाल्याला सांगितलं, "मोठ्यात मोठ्या बटणांचे आण," म्हणजे चिखलात पकड घेणारे रबराचे उंचवटे असलेले. त्याने आणले. खडीवरून गाडी अशी पळाली की मलाच माझा हेवा वाटला. फाटकावरचा शिपाई खाली वाकला आणि टायरच्या बाजूवर बोट ठेवून म्हणाला, "हे वाच."

"इंग्रजी वाचता आलं असतं तर इथे आलो असतो का?"

"फक्त कच्च्या रस्त्यासाठी, असं लिहिलंय. डांबरावर सोडता येणार नाही. वळव गाडी."

वळवली. वडील त्याच आठवड्यात गेले. मृत्युपत्राचा नियमही त्यानंतरच निघाला. माझ्यामुळे सगळ्यांना त्याचा जाच झाला, म्हणून कॅम्पातल्या सगळ्यांची इथे माफी मागतो.

तेव्हा धाकटे, बटणं नंतर बघ, आधी टायरच्या बाजूवर रस्त्याचा शिक्का बघ, तो असला तरच डांबरावर सोडतात. शेजारी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. जुना माल माथी मारतील, घेऊ नको. मग नख दाब. खूण बराच वेळ राहिली तर रबर मऊ, डांबरावर खोडरबरासारखं झिजेल. नख अजिबात रुतलं नाही तर टिकेल खूप, पण ओल्या वळणावर दगा देईल. बटणं फार लांब लांब असली तर डांबरावर गाडी दात वाजवते. फार जवळ असली तर मधे चिखल भरून टायर गुळगुळीत होतो. म्हणून या वेळी मी टँकरवाल्याकडून पुढे मोकळ्या बटणांचा आणि मागे दाट बटणांचा घेतलाय, कारण झिजतो तो मागचा. दोन्हींवर शिक्का आहे. बाण पुढे जायच्या दिशेने बसव. नवीन टायर सुरुवातीला निसरडा असतो, पहिल्याच वळणावर शहाणपणा करू नको.

४. हत्यारं. टायर काढायचे दोन लोखंडी पट्टे, पान्यांचा डबा आणि हवेचा पंप आचाऱ्याला.

(हे कलम रद्द. नमुन्याच्या मागे लिहिलंय की ज्याला काही दिलं त्याने साक्षीदाराची सही करू नये. सात जणांना विचारलं. सही केली की साहेबाच्या वहीत नाव जातं, म्हणून एकाचा हात दुखत होता, एकाचा चष्मा हरवला होता, एकाने तर मला ओळखच दाखवली नाही. शेवटी आचारी म्हणाला, "भिंगऱ्या, डबा राहू दे तुझा. साहेबाला जेवायचंय की नाही? मला काय करणार तो?" हत्यारं आता गाडीबरोबर धाकटीला.)

५. स्टोअरकीपरला काही नाही. कारण लिहितो. बिनशिक्क्याचे टायर देऊन कॅम्पातल्या सगळ्या गाड्या त्याने फाटकाच्या आत ठेवल्या. शिक्क्याचे मागितले की "तुला काय सासुरवाडीला जायचंय?" म्हणून हसायचा. पिंजऱ्याला कुलूप लावायचीही गरज उरली नाही.

६. मी वाटेत सापडलो तर कॅम्पात परत आणू नये. हे कलम सर्वांत महत्त्वाचं.

सही: भिंगरी

साक्षीदार पहिला: आचारी (बोटांना पीठ होतं, कागद डागाळला आहे, सही खरी आहे).

साक्षीदार दुसरा: एक वाजेपर्यंत ही जागा रिकामी होती. मग स्टोअरकीपर टायर तपासायचं निमित्त काढून खोलीत आला, दार लोटलं, खाली बसून दोन्ही शिक्क्यांवरून अंगठा फिरवला आणि पेन मागितलं. मी म्हटलं, "काका, आधी पाचवं कलम वाचा."

त्यांनी वाचलं. "बरोबर आहे," म्हणाले. "आता सांग, मागचं रिम अठरा इंची असेल तर हाच बसेल?"

"कुणाच्या गाडीचं?"

"स्टोअरच्या मागे ताडपत्रीखाली आहे एक. अकरा वर्षं झाली."

"साक्षीदाराला काही देता येत नाही, काका."

"देऊ नकोस. नुसतं सांग."

सांगितलं. त्यांनी सही केली आणि सहीखाली टायरचं माप स्वतःच्या हाताने लिहून घेतलं. मग लक्षात आलं की कागद तर ऑफिसात जाणार. तेव्हा तेच माप त्यांनी तळहातावर लिहिलं आणि मूठ मिटून बाहेर पडले. कागदावरचं माप मी गिरवून काळं केलं आहे. ती खाडाखोड माझी आहे, तिच्याबद्दल दुसऱ्या कोणाला विचारू नये.

ठिकाण: कॅम्प, खोली सात.
तारीख: अठ्ठावीस, दुपारचे दोन. अडीचला निघतो.