बिनफुली गुलछडीचे वारस

मी, मनकर्णा राधाकृष्ण नलगे, वय एकाहत्तर वर्षे, अविवाहित, साबण कारखान्याच्या सुगंध विभागातून सेवानिवृत्त, राहणार सावेडी, अहिल्यानगर (तोंडाने मी नगरच म्हणते), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. स्मरणशक्ती इतकी ठणठणीत आहे की काही लोकांना तिचा त्रास होतो. मला कोणी धाक घातलेला नाही की फूस लावलेली नाही. तसा प्रयत्न एकाने केला. त्याची हकीकत पुढे येईल.

माझे शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झाले, म्हणून मला धड मराठी येत नाही असे आमच्या काष्टीच्या भावकीत समजतात. हा कागद त्यांनी सावकाश वाचावा आणि चूक काढून दाखवावी. वकिलांच्या मसुद्यात ‘जीविताची शाश्वती नसल्याने’ असे होते, ते मी खोडले. येत्या सोमवारी पुण्याला माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत, एवढेच कारण आहे. डॉक्टर म्हणाले काळजी करू नका. मी काळजी करत नाही, कागद करते आहे.

कलम १. घर. सावेडीतला माझा फ्लॅट माझ्या स्वतःच्या पगारातून घेतलेला आहे, त्यावर भावकीतल्या कोणाचाही हक्क पोचत नाही. तो माझी भाची ज्ञानेश्वरी, म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी, हिला मिळावा. तिच्या लग्नात माझ्या कपाटातल्या एका बाटलीने जो गोंधळ घातला त्याची ही भरपाई समजावी. सोसायटीचे अध्यक्ष जिन्यात वास येतो म्हणून तक्रार करतील. गेली बारा वर्षे ते करतात, आणि दर दिवाळीला माझ्याकडून फुकट अत्तरही नेतात. ज्ञानेश्वरीने तक्रार ऐकून घ्यावी, अत्तर देऊ नये.

कलम २. बँकेतील शिल्लक. दवाखान्याचा आणि अंत्यविधीचा खर्च भागवून जे उरेल ते माझ्या शाळेच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेला द्यावे. त्यातून धूर बाहेर ओढणारा चांगला पंखा बसवावा. आमच्या वेळी खिडकी उघडून भागवत असत आणि आम्ही मुली डोळे चोळत घरी जात असू. माझ्या नावाची पाटी लावू नये. ‘अंदाजे’ हा शब्द वहीत लिहिल्याबद्दल ज्या सिस्टरने माझ्या बोटांवर पट्टी मारली, तिच्या नावाची लावली तर माझी हरकत नाही. तिच्यामुळे मला वजन करता येते.

कलम ३. हत्यारे. वजनकाटा, ड्रॉपर, काचेची भांडी, वास घेण्याच्या कागदी पट्ट्या आणि छोटा फ्रीज हे सर्व गौहर अब्दुल अत्तार हिला द्यावे. गौहरचे कापड बाजाराजवळ अत्तराचे दुकान आहे, तिच्या वडिलांपासूनचे. मी निवृत्त झाल्यापासून ती माझ्यासोबत अत्तर बनवते. नाक थकले की दुसरे काही हुंगत बसू नये, स्वतःच्या कोपराचा वास घ्यावा, हे मी तिला शिकवले. पट्टी बुडवली की लगेच मत देऊ नये, भाजी फोडणीला टाकून यावे आणि मग बोलावे, हे तिने मला शिकवले. फ्रीजमध्ये दूध ठेवू नये. एकदा ठेवले होते. चहा कोणीच प्यायले नाही.

कलम ४. सी-चौदा, आणि कारखान्यातील एक जुना हिशेब. हे कलम थोडे लांब आहे, पण ते नसेल तर पुढचे कळणार नाही.

सी-चौदा हे प्रयोगशाळेत बनणारे एक द्रव्य आहे. वास पीच या फळाचा. बाटलीतून थेट हुंगले तर खोबरेल तेलात भिजलेल्या रबरासारखे वाटते आणि नवा माणूस तोंड वाकडे करतो. तेच शंभरात एक इतके पातळ केले की पिकलेले फळ हातात धरल्यासारखे होते, सालीवरच्या लवेसकट. आता गुलछडी. तिच्या अत्तरासाठी प्रयोगशाळेतली द्रव्ये एकत्र केली की पहिल्यांदा जे मिळते ते कोरडे आणि हिरवट असते, फूल नव्हे, फुलाचा देठ. त्यात सी-चौदाचे थोडे थेंब पडले की देठाला अंग येते. मी हे पहिल्यांदा केले तेव्हा पट्टी नाकाशी धरून कारखान्याच्या आवारात फेऱ्या मारत होते आणि पहारेकऱ्याने विचारले, बाई, गजरा कुठे पडला का?

त्या वासाचा साबण निघाला आणि खूप खपला. वेष्टनावर गुलछडीचे चित्र आणि खाली ‘ताज्या फुलांच्या अर्कासह’. त्या साबणात फुलाची पाकळीसुद्धा नव्हती. मी बैठकीत उठून तसे म्हटले. आमचे साहेब मला म्हणाले, “नलगे, तुम्ही वासाचं बघा. शब्दांचं आम्ही बघतो.” सगळे हसले. मी वासाचे बघत राहिले, निवृत्तीपर्यंत. साहेब अजून हयात आहेत असे कळते. त्यांना माझ्याकडून एक साबण द्यावा, कोणताही, वेष्टन काढून.

निवृत्त झाल्यावर मी स्वतःचे अत्तर काढले. मद्यार्क नाही, नुसते तेल, त्यामुळे ते नमाजाला जाणाराही लावतो आणि देवळात जाणाराही. नाव ठेवले ‘बिनफुली गुलछडी’. लेबलावर एकच वाक्य छापले: ‘या बाटलीत एकही फूल नाही.’ गौहरचे वडील अब्दुलभाई तेव्हा होते. त्यांनी मनगटाला लावले, हुंगले आणि म्हणाले, “मॅडम, असं लेबल लावून आजवर कोनी अत्तर विकलं नाही. आपन विकून बघू.” विकले गेले. हळू, पण गेले. लोक लेबल वाचून हसत, मग हुंगत, मग घेत.

कलम ५. श्री. गहिनीनाथ यांना नवा फेटा. हे ज्ञानेश्वरीच्या नवऱ्याचे मामा. त्यांना उत्तम प्रतीचा फेटा आणि धोतरजोडी माझ्या खर्चाने द्यावी. कारण असे.

लग्न काष्टीला होते. मांडवाच्या दारात पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडण्याचे काम ज्ञानेश्वरीच्या भावाकडे, म्हणजे माझा भाचा करण याच्याकडे होते. त्याला वाटले, साधे गुलाबपाणी काय शिंपडायचे, आत्याच्या कपाटात भारी माल आहे. त्याने मला न विचारता सी-चौदाची बाटली उचलली आणि तशीच्या तशी, पातळ न करता, गुलाबदाणीत ओतली. ते तेल आहे, पाण्यावर तरंगते. गुलाबदाणी उलटी करून झटकली की आधी पाणी बाहेर येते आणि तेल शेवटी. त्यामुळे सगळ्या वऱ्हाडावर पाणीच पडले. करणला वाटले वास कमी आहे, म्हणून तो जास्तच जोरात झटकू लागला. शेवटी आले गहिनीनाथ मामा. म्हशीची धार काढून यायला त्यांना उशीर झाला होता. उरलेली सगळी बाटली त्यांच्या फेट्यात गेली.

जेवणाच्या पंगतीत मामांच्या दोन्ही बाजूंची पाने रिकामी राहिली. गांधीलमाश्या मात्र आल्या. आठवड्याने त्यांचा मला फोन आला. आवाजात राग नव्हता, दुःख होते. “बाई, लई आंगोळी केल्या. पन म्हस मला वळखंना. पान्हा चोरती. मालकीन म्हन्ती, तुमी गोठ्यात पाऊल टाकू नका.” मी त्यांना गोडेतेल चोळून मग साबण लावायला सांगितले. फेट्याचा वास कशानेच गेला नाही, तो फेटा त्यांनी बुजगावण्याला दिला.

इथपर्यंत मी हसत होते. पुढचे ऐकून थांबले. मांडवात लांब बसलेल्यांपर्यंत तो वास हवेत पातळ होऊन, गोड होऊन पोचला होता, आणि ज्याने त्याने करणला विचारले, हा कसला रे वास, जाता जात नाही? करणने सांगितले, आमच्या मळ्यातली गुलछडी हाय, आत्या अर्क काढती. आमच्या मळ्यात गुलछडी आहे हे खरे. ती रोज पहाटे फुलबाजारात जाते, माझ्याकडे तिची काडीही येत नाही. पण मागण्या आल्या. महिन्याभरात करण माझ्या दारात माझ्याच अत्तराच्या बाटल्यांना लावायच्या लेबलांचे भेंडोळे घेऊन उभा होता. ‘मळ्याची गुलछडी. शंभर टक्के नैसर्गिक.’

मी विचारले, हे कोणी लिहिले? म्हणाला, मीच. मी म्हटले, यात फूल नाही हे तुला माहीत आहे.

“आत्या, लोकांना फूलच पाहिजे. केमिकल म्हटलं की बाई बाटली खाली ठेवते.”

“आणि दुसरी बाई? जी फूल समजून घेऊन जाते?”

“ती तर खूश असते.”

कारखान्यातल्या साहेबांचा आवाज मला माझ्या स्वतःच्या भाच्याच्या तोंडून ऐकू आला. मी त्याला एवढेच सांगितले की ज्या वासासाठी मी आयुष्य घालवले, त्याचे श्रेय त्याने एका रोपाला देऊन टाकले. रोपाने त्यासाठी काहीही केलेले नाही. तो भेंडोळे घेऊन निघून गेला. सुरुवातीला म्हटले ती फूस हीच. नंतर त्याने दोनदा आंबे पाठवले. आंबे चांगले होते. मत बदलले नाही.

कलम ६. अंत्यविधी. विद्युतदाहिनी. भाषणे नकोत. उदबत्ती लावायचीच असेल तर गौहर देईल ती लावावी. पुड्यावर ‘नैसर्गिक’ लिहिलेली कोणी आणली तर मी उठून बसेन असे नाही, पण आणणाऱ्याने थोडे लांब उभे राहावे.

कलम ७. बिनफुली गुलछडी. माझ्यापाशी खरे देण्यासारखे हेच आहे: नाव, कृती आणि लेबलावरचे वाक्य. कृती गुप्त नाही, गौहरला ती पाठ आहे, आणि सी-चौदाच्या बाबतीत तिचा हात माझ्यापेक्षा आखडता आणि बरोबर आहे. म्हणून पहिल्या मसुद्यात मी सगळे गौहरच्या नावे लिहिले होते आणि करणला काही नाही. गेल्या रविवारी दोघांना बोलावून वाचून दाखवले, म्हणजे माझ्या मागे कोणी म्हणायला नको की आम्हाला माहीत नव्हते.

गौहरने चहाचा कप ठेवला आणि नाही म्हणाली. मी विचारले, का? करणला घाबरतेस? ती म्हणाली, “घाबरत नाही मॅडम. बनवायला मी आहे. पन मी दुकानात बसते आनि गिऱ्हाईक आलं की गप्प होते. मांडवात एका दिवसात जेवढ्या लोकांनी विचारलं, तेवढे माझ्याकडं वर्षात येत नाहीत. त्याला बोलता येतं. तो खोटं बोलला, म्हनून खोटंच विकलं गेलं. त्याला खरं द्या ना विकायला.”

मी म्हटले, तो विकणार नाही. त्याला फूल लागते. गौहर त्याला म्हणाली, “ए करण, मामाच्या फेट्याला काय सांगून वास लावला होता रे? काहीच नाही ना? तरी लोक विचारत आलेच.”

करणला हसू आले. ते दाबायचा त्याने प्रयत्न केला. मग त्याने माझ्या टेबलावरचे एक लेबल ओढले, उलटे केले आणि पाठीवर लिहायला बसला. माझे वाक्य उतरवून काढले, थांबला, पेन चावले, आणि खाली आणखी एक ओळ लिहिली. माझ्याकडे सरकवत म्हणाला, “तुझं आहे तसं ठेवलंय, आत्या. पण नुसतं ‘नाही’ म्हणून कोण थांबतं? पुढं काहीतरी पाहिजे.”

लेबलावर असे होते: ‘या बाटलीत एकही फूल नाही. आधी वास घ्या, मग भांडा.’

मी चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचले आणि म्हटले, अक्षर सुधार.

तरी माझी इच्छा पुढीलप्रमाणे आहे. बिनफुली गुलछडी बनवण्याचा हक्क गौहरचा. विकण्याचा हक्क करणचा. उत्पन्न दोघांत निम्मे. वास कसा असावा यात गौहरचा शब्द अखेरचा राहील, आणि करणने कपाटातल्या कोणत्याही बाटलीला तिच्या परवानगीशिवाय हात लावू नये. लेबलावर ही दोनच वाक्ये छापावीत, एक शब्द कमी नाही, एक शब्द जास्त नाही. ज्या दिवशी ‘नैसर्गिक’, ‘अर्क’ किंवा ‘मळा’ यांपैकी काहीही बाटलीवर दिसेल, त्या दिवशी करणचा हक्क संपेल आणि सर्व गौहरकडे जाईल. मळ्याच्या भेंडोळ्याचे काय करायचे ते करणने ठरवावे. कोऱ्या बाजूवर किराण्याची यादी चांगली लिहिता येते.

आणखी एक. पहिले वाक्य माझे आहे, दुसरे करणचे. दुसरे जास्त चांगले आहे. मी हे त्याला सांगितलेले नाही, आणि झडप नीट बसली तर पुढची वीस वर्षेही सांगणार नाही. तो आधीच फार बोलतो. पण हा कागद जेव्हा मोठ्याने वाचला जाईल तेव्हा तो समोर बसलेला असेल, म्हणून ते इथे लिहून ठेवते. वाचणाऱ्याने हे वाक्य सावकाश वाचावे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी भाची ज्ञानेश्वरी हिने करावी. खालील दोघांनी मला सही करताना पाहिले आणि माझ्यासमोर त्यांनी सही केली. दोघांनाही या कागदातून काही मिळणार नाही. मिळणार नाही हे माहीत असूनही ते आले, याबद्दल त्यांचे आभार.

सही
मनकर्णा राधाकृष्ण नलगे

साक्षीदार
१. डॉ. दिशा वसंत गायकवाड, सावेडी (मनकर्णाताई पूर्ण शुद्धीवर आहेत. तपासताना त्यांनी माझ्या सॅनिटायझरच्या वासाला नावे ठेवली.)
२. छगन बाबुराव दरंदले, शेजारी, सावेडी

स्थळ: अहिल्यानगर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५