'पडून असलेले' कॅनव्हास

प्रति,
मा. व्यवस्थापन अधिकारी,
उल्हासतीर कलासंकुल, शहाड.

विषय : गाळा क्र. ४ व 'चित्रकार' या नोंदीबाबत खुलासा.
संदर्भ : आपली सात दिवसांची नोटीस, दि. ३ फेब्रुवारी २०२५.

महोदय,

अर्जदार कल्पिता केणे हिला सदर गाळा चित्रकार म्हणून मिळाला. पुढे संकुलाची प्रदर्शने मांडण्याचे काम आपणच तिच्याकडे दिलेत, वस्तीतल्या बायकांचे चित्रवर्गही गळ्यात घातलेत. ती नाही म्हणाली नाही, ही चूक तिचीच. आठ महिने गाळ्याला कुलूप राहिले. आता आपण विचारता, स्वतःची चित्रे किती काढलीत? दाखवा, नाहीतर गाळा सोडा.

चित्रे अकरा आहेत. ती कुठे आहेत ते पुढीलप्रमाणे.

१. वर्गासाठी अर्जदाराने आपणास लिहिले होते, "पडून असलेले जुने कॅनव्हास मिळावेत." तिच्या मनात भांडारातले होते. आपले भांडारपाल श्री. सुदेश यांनी इमानाने शोध घेतला. बंद गाळ्यात जेवढे पडून होते, तेवढे त्यांना दुसरीकडे कुठे मिळणार? त्यांनी कार्यालयातल्या किल्लीने गाळा उघडला, अकरा चित्रांवर पांढऱ्या रंगाचे दोन हात मारले आणि वर्गावर पोचते केले. अर्जदाराने वर आभारपत्रही दिले.

२. वर्गाचे प्रदर्शन तिनेच मांडले. वर्गातल्या हौसाबाई, वय बहात्तर, सगळा जन्म मिठागरात. त्यांच्या आयुष्यातल्या पहिल्या चित्राला, मिठाच्या ढिगाला, तिनेच पहिला क्रमांक दिला. "पृष्ठभागाला काय सुरेख उठाव आहे," असे पुस्तिकेत छापले. टांगताना चित्र उलटे केले, तेव्हा मागे स्वतःचे अक्षर दिसले : 'आई, शेवटची बैठक'. आई, म्हणजे गोदा केणे, आता नाहीत. उठाव त्यांच्या नाकाचा होता.

३. ते चित्र आपल्या खुर्चीमागे आहे. मंगळवारी अर्जदार रडत आली, तेव्हा आपण मान न वळवता म्हणालात, "वरचा थर खरवडून दाखवा, गाळा आजच कायम करतो."

हौसाबाई तिथेच होत्या. दर मंगळवारी रिक्षा करून स्वतःचे चित्र बघायला येतात. म्हणाल्या, "खरवर गो बाय. मना काय, आज हाय, उद्या नाय." आणि पदराने चौकटीवरची धूळ पुसली.

४. लपवण्यात अर्थ नाही. बुधवारी आपण जेवायला गेलात, तेव्हा अर्जदाराने पत्र्याची पट्टी आणली आणि मिठाच्या ढिगाचा दोन बोटे भाग खरवडला. मिठाखाली पांढरा रंग निघाला. पांढऱ्या रंगाबरोबर आईचा गाल निघून आला. खाली कोरे कापड. पुरावा मिळाला नाही.

सबब 'चित्रकार' ही नोंद खोडावी, आणि येत्या मंगळवारच्या आत अर्जदाराला आपल्या खुर्चीमागे अर्धा तास उभे राहू द्यावे. तेवढ्या जागेवर मीठ रंगवून घ्यायचे आहे. हौसाबाईंना कळवू नये.

अजूनही आपली नम्र,
(सही)
कल्पिता गोपीनाथ केणे
समन्वयक

दि. ७ फेब्रुवारी २०२५

सोबत :
१. आभारपत्राची प्रत
२. गाळा क्र. ४ ची किल्ली