गेटवरचे मोकळे केस

मंगळवार, संध्याकाळ

स्नेहल दुबईला चालली. अमेरिकेने आपल्या दागिन्यांवर कर वाढवला, ऑर्डरी आटल्या, म्हणून तिच्या मालकाने अंधेरीचं युनिट बंद करून तिकडे हलवलं. मोजक्या मुली सोबत न्यायच्या ठरल्या, त्यात ही.

रोज सुटताना गेटवर त्यांची झडती व्हायची. सोन्याचा कण केसांत अडकून जाऊ नये म्हणून सगळ्या पोरींना केस सोडून झटकावे लागायचे. माझं डोकं फिरायचं, एकदा वॉचमनशी भांडलोसुद्धा. पण खरं लिहू? ती बाहेर येऊन, रबर दातांत धरून, माझ्याशी बोलत बोलत केस बांधायची, तेवढ्यासाठीच मी दहिसरहून बाइक मारत जायचो.

आज शेवटचा दिवस. मी अमेरिकेच्या सरकारला शिव्या घालत सुटलो. ती म्हणाली, "आता अमेरिकेशी भांडणार? कॉलेजच्या क्लार्कशी भांडून, शिक्षण सोडून घरी बसलास ना रे." मग हसणं थांबवून म्हणाली, "तुला काही सांगायचंय का मला?"

जाऊ नकोस, एवढंच सांगायचं होतं. पण कुठल्या तोंडाने? तिच्या घरात कमावणारी तीच. आणि सांगितलं असतं, तर थांबली असती का? मी म्हटलं, "पोचलीस की फोन कर."

आज आत सोनंच उरलं नव्हतं, त्यामुळे झडती नव्हती. ती केस बांधूनच बाहेर आली होती. एवढा वेळ समोर उभी होती, पण केसांकडे एकदाही हात गेला नाही तिचा.