छत्रीवालीचा नंबर

बाबा, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. या सोळा वर्षांत मी तुम्हाला एकदाही काही लिहिलं नाही, आणि आज लिहायला बसले आहे ती फक्त घाबरले म्हणून. दुसरं कुणी चालत नाही मला यासाठी. धाकट्या भावाला सांगून झालं, डॉक्टरला सांगून झालं. पण मला कशाची भीती वाटते आहे हे नेमकं ठाऊक असलेला माणूस तुम्हीच होतात.

झालं असं. मागच्या महिन्यात एका रविवारी मी आणि माझी मुलगी अकोल्याला धाकट्याकडे गेलो होतो. दुपारची जेवणं झाली, आम्ही स्वयंपाकघरातच खाली बसून राहिलो आणि नेहमीप्रमाणे आपल्या त्या इंग्रजी बँडवरून वाद सुरू झाला. हो, अजून होतो. सहा कॅसेटी, आणि कुठली पहिली, कुठली शेवटची, यावर अजून आमचं एकमत नाही. माझ्या मुलीनं त्या सगळ्या फोनवर ऐकल्या आहेत, पण इंग्रजी नावं तीही घेत नाही. तुम्ही कव्हरवरच्या चित्रांवरून ठेवलेलीच नावं घेते, पूलवाली, खुर्चीवाली, टाकीवाली. तर ती वहीचं पान घेऊन बसली आणि म्हणाली, "आई, तुझी फायनल यादी सांग. मी लिहून घेते, म्हणजे नंतर पलटी मारता येणार नाही." मी बोटांवर मोजत सांगितलं. एक पूलवाली, दोन टाकीवाली, तीन खुर्चीवाली, चार बर्फवाली, पाच कुत्र्यावाली. आणि थांबले. धाकटा हसायला लागला. "ताई, मजा करून राहिली काय? पूल पहिला? आन् छत्री कुठी गेली?"

बाबा, मी एकवेळ विसरले असते तर हरकत नव्हती. माणूस विसरतो. पण धाकटा "छत्री" म्हणाला आणि माझ्या डोळ्यासमोर काहीच आलं नाही. छत्री म्हणजे पावसात धरायची छत्री, एवढंच आलं. जिच्यासाठी मी तुमच्याशी वीस वर्षं भांडले, जेवणावरून उठून गेले, ती कॅसेट त्या क्षणी माझ्यापाशी नव्हती. मग पहिल्या गाण्याची सुरुवात डोक्यात वाजली आणि सगळं जागेवर आलं. "मजाच केली," मी म्हणाले. दोघं हसले. मीही हसले. पण हातातला पेला खाली ठेवताना फरशीवर वाजला.

तुम्ही कृषी विद्यापीठाच्या कापसाच्या प्लॉटवर कामाला होतात. तिथले एक साहेब परदेशात शिकून आले होते आणि प्रयोगशाळेत टेप लावून काम करायचे. त्यांची बदली झाली तेव्हा जाताना त्यांनी कापडी पिशवीत घालून त्या सहा कॅसेटी तुमच्या हातात दिल्या. मी तेव्हा बारा वर्षांची. आपल्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर टेप ठेवलेला असायचा. तुम्ही प्लॉटवरून आलात, पाय धुतलेत, की आधी चहा नाही, आधी कॅसेट. गिटारचा तो आवाज भिंतीवर आपटायचा आणि चुलीपाशी बसलेली आई कपाळावर हात मारायची. "काय ते बोंबलून राह्यले बापा! भाकर जळते माह्यी." तुम्ही तिला म्हणायचात, "तू भाकरीकडे पाह्य. कान त्यायले दे."

शेजारच्या क्वार्टरमधले लोक तुम्हाला येडे समजायचे. इंग्रजी तुम्हाला वाचता येत नव्हतं, समजतही नव्हतं. मी आठवीत गेल्यावर शब्दकोश घेऊन एका गाण्याचा अर्थ लावला आणि मोठ्या ऐटीत तुम्हाला सांगायला आले. तुम्ही हात वर केलात. "मले अर्थ सांगू नोको. कापसाची पऱ्हाटी काय म्हनते ते मले समजते. तिले काय भाषा हाय?" मला राग आला होता तेव्हा. मेहनत वाया गेली म्हणून.

नंबर लावायची तुमची पद्धत कापसाचीच होती. वाण जोखावा तशी कॅसेट जोखायची. पहिलं गाणं म्हणजे उगवण. मधली म्हणजे फुलोरा. शेवटी बोंडं किती धरली, किती गळाली. कुत्र्यावालीची उगवण तुम्हाला झकास वाटायची, पण पुढे "सारी फुलं गळते तिची" म्हणून ती कायम सहावी. पूलवाली तुमची पहिली, कारण तिच्यात एकही गाणं वाया जात नाही. मी छत्रीवालीसाठी भांडायचे. तुम्ही ऐकून घ्यायचात, मग म्हणायचात, "कापसाचे तीन वेचे झाल्याबिगर मी कोन्या वाणाले नंबर देत नाई. तू अजून तीनदा आयक, मंग बोल." मी तीनदा ऐकून यायचे. पुन्हा तेच सांगायचे. तुम्ही पुन्हा तीनदा ऐकायला लावायचात.

एकदाच तुम्ही चिडलात. पुण्याहून मावसभाऊ आला होता. तो म्हणाला, बर्फवालीच सगळ्यात थोर आहे, जगभर तसंच मानतात. मी लगेच आपली यादी बदलली आणि रात्रीच्या जेवणाला तुमच्यासमोर त्याचीच वाक्यं म्हणून दाखवली. तुम्ही घास ताटात ठेवलात. "तुह्या कानानं आयकलं काय वं? मंग दुसऱ्याच्या कानाचं मले काहून सांगून राहिली?" एवढंच. पण दोन दिवस तुम्ही माझ्याशी गाण्याबद्दल बोलला नाहीत. मला वाटलं होतं तुम्ही रागावलात. आता वाटतं, तुम्हाला वाईट वाटलं असावं. भांडायला तुमच्याकडे मी एकटीच होते.

पुढे मी फार्मसी केली, लग्न होऊन अमरावतीला आले, इथल्याच एका दवाखान्याच्या औषधखिडकीवर लागले. तुम्ही रिटायर झालात त्या वर्षी दिवाळीनंतर मला अकोल्याच्या स्टँडवर सोडायला आला होतात. गाडी सुटायला वेळ होता. मी सवयीनं काडी टाकली, "मग बाबा, पूलच ना अजून?" तुम्ही जरा वेळ गाड्यांकडे बघत राहिलात आणि म्हणालात, "नाई वं. छत्रीवालीच पहिली होय." माझा विश्वास बसेना. वीस वर्षांनी मी जिंकले होते! मूर्तिजापूर येईपर्यंत मी खिडकीत बसून एकटीच हसत होते. घरी पोचल्यावर धाकट्याला फोन केला, "हरले बाबा." पुढच्या खेपेला तुम्ही कुत्र्यावाली पहिली म्हणालात. मी म्हटलं, चेष्टा करतात. त्याच्या पुढच्या खेपेला टाकीवाली. मी तुमच्याशी वाद घालत राहिले, बाबा. तुमच्या पायाखालची जमीन सरकत होती आणि मी विचारत होते, असं कसं, मागच्या वेळी तर तुम्ही वेगळं म्हणालात! आणि तुम्ही काहीबाही कारणं जुळवून सांगायचात. उगवण चांगली, बोंडं भारी. शब्द तेच होते, पण आतमध्ये गाणी नव्हती. तुम्हाला ते कळत होतं का? हे मला गेला महिनाभर छळतं आहे. कारण "मजाच केली" असं मी ज्या चपळाईनं म्हणाले, ती चपळाई मी तुमच्या चेहऱ्यावर पाहिलेली आहे.

मग तो दिवस. आई भाकरी करते आहे, मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून पूलवाली लावते. गाणारा पहिली ओळ ओरडतो आणि तुम्ही खाटेवरून उठून भिंतीला चिकटता. "कोन आलं? घरात कोन घुसलं?" मी म्हणते, बाबा, आपला बँड आहे. तुम्ही माझा दंड धरता, इतका घट्ट की वळ उठतात. "बंद कर. ते मले पाह्यून राहिले." मी टेप बंद करते. आई भाकरी तशीच टाकून येते, तुमच्या पाठीवरून हात फिरवते. त्यानंतर त्या घरात ती गाणी वाजली नाहीत.

आता माझं सांगते. मी चोपन्न वर्षांची आहे. तुमचं सुरू झालं तेव्हा तुम्ही अठ्ठावन्नचे होतात. खिडकीवर चिठ्ठी आली की मी ती दोनदा वाचते, गोळ्यांची पट्टी काढून पुन्हा चिठ्ठी वाचते. रांगेतले लोक कुरकुरतात. एकदा एका म्हाताऱ्या बाईंना गोळ्या दिल्या आणि त्या फाटकापर्यंत पोचल्यावर मी मागे धावले, पिशवी उघडून पाहिली. बरोबर होतं सगळं. त्या म्हणाल्या, "काय झालं वं बाई?" मी म्हटलं, काही नाही.

शेवटी डॉक्टरकडे गेले. तरुण मुलगी आहे. तिनं महिना विचारला, वार विचारला, कागदावर घड्याळ काढायला लावलं. मग पाच शब्द सांगितले आणि थोड्या वेळानं परत विचारले. कात्री, देऊळ, सायकल, निळा. पाचवा आला नाही. तो आंबा होता. आंब्यासारखा आंबा विसरले! ती म्हणाली, "मॅडम, एवढ्यावरून काही ठरत नाही. झोप नसली, काळजी असली तरी होतं असं. सहा महिन्यांनी परत बघू." मी म्हटलं, माझ्या वडिलांना होतं. तिनं ठेवलेलं पेन पुन्हा उचललं. बाबा, ते पेन उचललेलं मला घरी येईपर्यंत दिसत होतं.

धाकट्याला फोन करून खरं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, मी बी घाबरतो ना. चष्मा सापडला नाई का सारं घर उपसतो. बायकोले सांगत नाई." इतकी वर्षं आम्ही दोघं एकाच गोष्टीला घाबरत होतो आणि एकमेकांना कॅसेटींचे नंबर सांगत होतो.

मुलीपासून लपवायचं ठरवलं होतं, पण तिनं डॉक्टरचा कागद पाहिला. त्या दिवसापासून ती सहज विचारल्यासारखं विचारायला लागली. भाजी निवडताना, "आई, तिसरी कुठली गं?" गाडी पुसताना, "बर्फवालीतलं दुसरं गाणं कुठलं?" मी बरोबर उत्तर दिलं की तिचा श्वास सुटलेला मला ऐकू यायचा. आठ दिवस मी उत्तरं दिली. नवव्या दिवशी हातातली मेथी ताटात आपटली. "परीक्षा घेऊ नको माझी! भांडायचं असेल तर भांड." ती रडवेली झाली. मग नाक ओढत म्हणाली, "ठीक आहे. पूलवाली भयंकर बोअर आहे. आजोबांना काय दिसलं तिच्यात कळत नाही." मला असा राग आला बाबा! मी तुमची बाजू घेऊन तासभर भांडले. छत्रीवाली सोडून पूलवालीसाठी भांडले. एक गाणं विसरले नाही, एक ओळ चुकले नाही. मेथी तशीच राहिली. त्या एका तासात मला भीती वाटली नाही. नंतर वाटली. आता लिहितानाही वाटते आहे. सहा महिन्यांतले पाच अजून जायचे आहेत.

हे तुम्हाला पोचणार नाही, आणि वहीतलं हे पान मी कुणाला दाखवणारही नाही. म्हणून एक गोष्ट लिहिते, जी आईलाही सांगितली नव्हती. तुमच्या शेवटच्या वर्षात मी अकोल्याला फार कमी आले. रजा मिळत नाही म्हणायचे. रजा मिळत होती. शेवटचं आले तेव्हा आई देवळात गेली होती, तुम्ही उन्हात खुर्चीवर बसला होतात. माझ्याकडे पाहून तुम्ही सावरून बसलात आणि विचारलंत, "तुमी कोन?"

मी म्हणाले, "मी नर्स आहे, काका. गोळी द्यायला आले."

तुम्ही गोळी घेतलीत. पाणी प्यायलात. मग म्हणालात, "माह्यी पोरगी बी अमरावतीले गोळ्याच देते. हुशार हाय. आमचं गान्यावरून लय भांडन होये. आता लय दिस झाले, आली नाई. तुमाले दिसली त तिले म्हनजा, एक खेप येऊन जाय."

"सांगते, काका," मी म्हणाले, आणि पेला विसळायला आत गेले. मीच ती, असं मला म्हणता आलं असतं. पण ते ऐकूनही तुम्ही मला ओळखलं नसतं तर, या भीतीनं मी ते म्हटलं नाही.